अस्वलं, ओहोटी आणि बाबा: लेक क्लार्कच्या (अलास्का) किनाऱ्यावरचे चार दिवस

पायरीचा_आंबा

मागे एका धाग्यावर मी सहज लिहिलं होतं की बाबांना घेऊन अलास्कात अस्वलं बघायला गेलो होतो. तिथे चार जणांनी "वेगळं लिही" म्हणून मागे लागून पिडलं. आज मुहूर्त लागलाय.

बुकिंग करताना लॉजवाल्यांनी दोनच प्रश्न विचारले. कपड्यांसकट वजन किती, आणि बुटाचा नंबर काय? वजन अशासाठी की विमान सेस्नाचं, पाच-सहा जणांचं, सामान धरून किलोकिलोचा हिशोब. (आईने बाबांसोबत चिवड्याचे तीन डबे दिले होते. ते कोणाच्या वजनात धरायचे यावरून नवऱ्याचं आणि माझं अँकरेजच्या हॉटेलात वाजलं.) बूट अशासाठी की मांडीपर्यंत येणारे रबरी बूट तेच देतात. चारही दिवस ते पायातून निघाले नाहीत.

लेक क्लार्क नॅशनल पार्क अँकरेजच्या नैर्ऋत्येला आहे. १९८० साली झालेलं, ४० लाख एकरांचं, आणि बाहेरून एकही रस्ता तिथे जात नाही. प्रवेश फी नाही, कारण फी घ्यायला फाटकच नाही. पार्कची पूर्व बाजू कुक इनलेट नावाच्या लांबट आखाताला लागते आणि आमचं लॉज त्याच किनाऱ्यावर होतं. लॉज म्हणजे सात-आठ लाकडी खोल्या आणि एक मोठी जेवणाची खोली. मागे इलियाम्ना आणि रिडाउट हे दोन ज्वालामुखी, दोन्ही तीन हजार मीटरच्या वर, जूनअखेरीलाही बर्फाने भरलेले. पुढे समुद्र. शेजार नाही.

विमान उतरतं ते थेट समुद्राच्या वाळूवर, तेही ओहोटीला. भरतीला धावपट्टी पाण्याखाली! पायलटने सकाळी आठला निघायचं ठरवलं, तेव्हा मला वाटलं की वाऱ्यासाठी असेल. बाबा मागच्या सीटवरून म्हणाले, "वाऱ्याचं नाही गो. काल अमावास्या झाली, आज उधाणाची ओहोटी. वाळू लांबपर्यंत उघडी पडेल म्हणून."

बाबांबद्दल सांगायला हवं. वय बहात्तर, जन्म दाभोळच्या खाडीकाठचा, नोकरी सगळी मुंबईत. अमेरिकेत आले की सोफ्यावर बसून कंटाळतात. मॉल नको, म्युझियम नको. अलास्का त्यांना झेपेल का, याची मला धास्ती होती. अस्वलाचं नाव काढल्यावर तर "सर्कशीत बघितलंय" म्हणून मोकळे झाले होते.

पहिल्याच सकाळी गाइडने आम्हाला चारचाकी एटीव्हीच्या मागच्या गाड्यात बसवून किनाऱ्यावर नेलं. पाणी जवळजवळ दीड किलोमीटर मागे हटलेलं, मधे चकचकीत ओली वाळू, आणि त्या वाळूवर लांब लांब अंतरावर नऊ तपकिरी ठिपके. नऊच्या नऊ अस्वलं.

त्यातली एक मादी आमच्यापासून साठेक मीटरवर आली. फिकट, वाळलेल्या गवताच्या रंगाची, मागे दोन पिल्लं. गाइडने सगळ्यांना एका ओळीत खाली बसवलं. मादी खाली मान घालून चालत होती, हरवलेली कुडी शोधत असल्यासारखी. मग थबकली. पुढच्या दोन्ही पंजांनी वाळू मागे फेकायला लागली. खांद्यावरचा उंचवटा वरखाली होत होता. कोपरापर्यंत हात आत गेला आणि बाहेर आली ती वीतभर लांब, वस्तऱ्याच्या मुठीसारखी शिंपली: रेझर क्लॅम. आता मला वाटलं की कवचासकट चावून टाकेल. पण तिने ती वाळूवर आडवी ठेवली, एका पंजाने दाबून धरली आणि दुसऱ्या पंजाच्या एका नखाने उघडली. एका नखाने! ती नखं माझ्या बोटाएवढी होती. मग आतलं मांस ओठांनी ओढून घेतलं आणि पुढे चालू पडली. पिल्लं रिकाम्या शिंपल्या चाटत मागे.

सगळे कॅमेऱ्याला डोळा लावून. बाबा मात्र अस्वलाकडे बघतच नव्हते, आमच्या पायाजवळची वाळू बघत होते. मला कोपरखळी मारून म्हणाले, "बघ गो, हे भोक. याच्याखाली आहे. आमची आये अशीच भोकं बघून कोयत्याच्या टोकाने तिसऱ्या (खाडीतल्या शिंपल्या) काढायची. या बाईला कोणी शिकवलं?"

मी भाषांतर करून गाइडला सांगितलं. गाइड (पंचविशीतली मुलगी, सातवा सीझन) बाबांशेजारी येऊन बसली. म्हणाली, ही शिंपली सरळ खाली पळते, मिनिटभरात फूटभर. अस्वलाला चुकून चालत नाही. पिल्लांना खणता यायला एक-दोन उन्हाळे जातात. बाबांनी विचारलं, माणसं खणत नाहीत का? तर आखाताच्या समोरच्या, पूर्वेच्या किनाऱ्यावर पूर्वी कुटुंबंच्या कुटुंबं फावडी घेऊन यायची, पण शिंपल्या कमी झाल्या म्हणून २०१५ ला तिथे बंदी आली. "मग बरोबर," बाबा म्हणाले, "या बाईचा वाटा तिला राहू दे."

त्यानंतर चार दिवस बाबा त्या मादीला "ही बाई"च म्हणत होते.

दिनक्रम असा: ओहोटीला वाळूवर. भरती चढली की अस्वलं मागच्या खाऱ्या दलदलीत लव्हाळं चरायला जातात, मग आपणही तिकडे. जूनमध्ये सॅमन माशांचा पत्ता नसतो, म्हणून कोवळं लव्हाळं आणि शिंपल्या हाच आहार. एवढा मोठा प्राणी गाईसारखा मान खाली घालून तासन्‌तास गवत चरतो, हे मला आधी ठाऊक नव्हतं. आवाजही गाईसारखाच, कर्र कर्र. रात्री साडेअकरापर्यंत उजेड, त्यामुळे जेवून पुन्हा बाहेर.

एक दिवस समुद्र शांत होता म्हणून बोटीने डक आयलंडला नेलं. खडकाच्या कपारींतून पफिन नावाचे समुद्रपक्षी. उडताना त्यांची इतकी धडपड चाललेली असते की आता पडणार, आता पडणार असं वाटत राहतं. त्यावर जास्त लिहीत नाही, कारण माझा सगळा वेळ उलटी होऊ नये यातच गेला.

शेवटी धुकं. निघायच्या दिवशी विमान आलं नाही. दुसऱ्या दिवशी धुकं संध्याकाळी उठलं, पण तेव्हा भरती होती, वाळूच नाही! तिसऱ्या दिवशी सुटका. बाबांच्या बीपीच्या गोळ्या मी आठवडाभर जास्तीच्या घेतल्या होत्या म्हणून निभावलं. जाणाऱ्यांनी हे एवढं तरी लक्षात ठेवा. अँकरेजहून पुढचं विमानही त्याच दिवशीचं काढू नका. आम्ही काढलं होतं, आणि पैसे बुडाले.

प्रश्न असतील तर विचारा.

---

लेन्सकुमार

फोटो कुठेत? धागा फाऊल धरण्यात येईल.

लेन्स किती मिमीची नेली होती?

---

तिखटजाळ

मस्त लिहिलंय! एका नखाने शिंपली उघडणारी बाई डोळ्यासमोरून जात नाहीये.

आता कामाचं. जेवणाचं काय? माझ्या सासूबाई अंडंही खात नाहीत. आणि चिवड्याचं काय झालं शेवटी?

---

पायरीचा_आंबा

@लेन्सकुमार, फोटो नवऱ्याच्या हार्ड डिस्कमध्ये आहेत आणि नवरा "एडिट करतोय". मुलगी बारावीला जाईपर्यंत होतील. लेन्स १००-४०० होती आणि पुरली. नियम असा की अस्वलापासून ५० यार्ड, म्हणजे साधारण ४५ मीटर अंतर ठेवायचं. अस्वल स्वतःहून जवळ आलं तर उठून पळायचं नाही, गाइड सांगेल तसं बसून राहायचं किंवा एकत्र हळूहळू बाजूला व्हायचं. एक सांगते, उभं राहून काढलेले आमचे सगळे फोटो सपाट आलेत. चिखलात बूड टेकवून काढलेले चांगले आहेत.

@तिखटजाळ, आधी कळवलं तर शाकाहारी करतात, पण रोज भाजलेल्या भाज्या, पास्ता आणि सूप. सासूबाईंना चार दिवस चालेल, सहा दिवस नाही. आम्ही मासे खाणारे, त्यामुळे हॅलिबट आणि सॅमनची चैन. बाबांचं मत: मासा उत्तम, पण "कोकम नाही, तिखट नाही, आजाऱ्यासारखा."

चिवड्याची तर गंमतच झाली. खोलीत वासाची एकही वस्तू ठेवायची नाही, सगळं मुख्य इमारतीतल्या कपाटात. खाणंच नाही, टूथपेस्टसुद्धा. बाबांचं खोबरेल आणि बाम दोन्ही जप्त. चिवडा कपाटात गेला आणि दुसऱ्या दिवशी लॉजच्या स्वयंपाकिणीने लाजत विचारलं की एक डबा उघडला तर चालेल का. परत आणायला काही उरलं नाही. वजनाचा प्रश्न मिटला.

---

जुनी_होडी

रिडाउट म्हणजे तोच ना, ज्याच्या राखेत केएलएम या डच कंपनीचं विमान सापडलं होतं? १५ डिसेंबर १९८९. अ‍ॅमस्टरडॅमहून येणारं ७४७ अँकरेजला उतरायच्या बेतात होतं. राखेच्या ढगात शिरलं आणि चारही इंजिनं बंद. चार किलोमीटरहून जास्त खाली आलं, तेव्हा कुठे इंजिनं पुन्हा सुरू झाली. २४५ माणसं होती, सगळी वाचली. त्या वेळी मी विमानांच्या देखभालीत नोकरीला होतो. राख इंजिनात वितळून काचेसारखी चिकटते, हे आमच्या ट्रेनिंगमध्ये याच उदाहरणाने शिकवायचे.

विषयांतर झालं, माफी. पण त्या डोंगराच्या पायथ्याशी बसून अस्वलं बघायची म्हणजे...

---

पायरीचा_आंबा

हो, तोच! २००९ लाही उडाला होता म्हणे. बरं झालं हे तुम्ही आत्ता सांगितलंत, आधी नाही.

---

नाठाळ

सगळ्यांनी छान छान लिहिलंय म्हणून मी जरा मीठ टाकतो.

छोट्या विमानाने पेट्रोल जाळत जायचं, एटीव्हीने किनारा नांगरायचा, पिल्लांच्या आईसमोर दहा कॅमेरे रोखून बसायचं, आणि वर त्याला निसर्गाच्या कुशीत म्हणायचं. अस्वलाला माणसाची भीती राहिली नाही तर शेवटी अस्वलच मरतं. २००३ साली शेजारच्या कटमाई नॅशनल पार्कात टिमथी ट्रेडवेल आणि त्यांच्या सोबतच्या बाईंना अस्वलाने मारलं. तेरा उन्हाळे ते अस्वलांत राहिले होते. त्या प्रसंगात दोन अस्वलांना गोळ्या घालाव्या लागल्या. लाड केल्याचे परिणाम.

---

मोहफूल

चंद्रपूरकडची आहे म्हणून लिहिते. आमच्याकडे वाघापेक्षा अस्वलाची भीती जास्त. पहाटे मोहफुलं वेचायला खाली वाकलेला माणूस, आणि तीच फुलं खायला आलेलं अस्वल. समोरासमोर आले की ते तोंडावरच हल्ला करतं. माझ्या मामांच्या गावात चेहरा फाटलेली दोन माणसं आहेत. त्यामुळे "४५ मीटरवर बसलो" हे वाचताना पोटात गोळा आला.

पण आपलं अस्वल वेगळं, हेही खरं. ते वाघाच्या रानात वाढलं. त्याला झाडावर पळून सुटका नाही, म्हणून घाबरलं की आधी अंगावर येतं, असं जाणकार सांगतात. अलास्कातल्या किनाऱ्यावरच्या अस्वलाला घाबरायला आहेच कोण?

---

अलास्कावारी

@मोहफूल, त्याला घाबरायला दुसरं मोठं अस्वल आहे! नर पिल्लांना मारतात. म्हणून पिल्लंवाल्या माद्या कधीकधी मुद्दाम माणसांच्या जवळपास राहतात. मोठे नर माणसांना टाळतात, तर आपण तिच्यासाठी फुकटचा वॉचमन. मी आखातापलीकडच्या होमर गावाहून एका दिवसाच्या सहलीला गेले होते, तेव्हा एक मादी पिल्लं आमच्या बाजूला झोपवून खुशाल चरत होती.

@नाठाळ, माणसाची सवय वेगळी आणि माणसाच्या खाण्याची चटक वेगळी. माणसाला मारते ती चटक. जरा दक्षिणेला मॅकनील नदीचं अभयारण्य आहे, १९६७ चं. १९७३ पासून तिथे परवाना पद्धत आहे: सोडत निघते, दिवसाला दहाच माणसं, सोबत रक्षक, खाण्याबाबत अत्यंत कडक. एका वेळी डझनांनी अस्वलं असतात आणि तेव्हापासून आजवर एकाही पाहुण्याला इजा झालेली नाही. ट्रेडवेल ऑक्टोबरपर्यंत अस्वलांच्या वाटेवरच्या झुडपात तंबू ठोकून राहिले होते. त्या काळात सॅमन संपत आलेले असतात आणि अस्वलं थंडीआधी जे मिळेल ते खात असतात. विजेचं कुंपण नको, अस्वलाला पळवायचा स्प्रे नको, हा त्यांचा हट्ट. ते उदाहरण इथे लागू होत नाही.

---

नाठाळ

मॅकनीलचं पटलं. दहाच माणसं आणि सोडत, हे मला मान्य आहे. पण सोडतीत नंबर लागला नाही म्हणून ज्याच्याकडे पैसे आहेत तो लॉज घेतो, हे मला मान्य नाही. पेट्रोलचं कोणीच बोललं नाही, हेही नोंदवतो.

---

पायरीचा_आंबा

@नाठाळ, पेट्रोलचं माझ्याकडे उत्तर नाही. गेलो, जाळलं.

पण एक प्रसंग सांगते. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या ग्रुपमधला एक गृहस्थ पिल्लांचा व्हिडिओ काढायला फोन घेऊन ओळीतून पुढे सरकला. पाच-सहा पावलंच. मादीने मान वर केली, एवढंच. चरायची थांबली. आमच्या गाइडने आवाज न चढवता त्याला मागे बोलावलं, आणि नंतर सगळ्यांनाच उठवून एटीव्हीत बसवलं. दिवसाचं बघणं खलास, दुपारी दोनलाच. आमचेही पैसे गेले म्हणून नवरा चिडला होता. बाबा म्हणाले, "तिने जेवण सोडलं ना, मग आपण उठायलाच पाहिजे." तुमच्या आक्षेपाला मी दिलं असतं त्यापेक्षा हे उत्तर बरं आहे, पण पुरेसं आहे असं नाही म्हणत.

---

तिखटजाळ

बाबांचा फॅन क्लब काढा.

---

लेन्सकुमार

+१. आणि हार्ड डिस्क माझ्याकडे पाठवा, मी एडिट करतो.

---

खाडीकाठ

ज्यांना एवढं लांब जमणार नाही त्यांच्यासाठी: कॅमेरे लावून कटमाईतल्या ब्रुक्स फॉल्सचं थेट प्रक्षेपण उन्हाळाभर फुकट दिसतं. जुलैत सॅमन उड्या मारतात तेव्हा ऑफिसात एका बाजूला लावून ठेवायचं. तिथलीच ती "सगळ्यात लठ्ठ अस्वल कोण" ही मतदानाची स्पर्धा, २०१४ पासून चालते.

आणि समुद्रकाठचाच प्राणी बघायचा तर वेळास आहे की! मंडणगड तालुका, गावातल्या घरांत मुक्काम, ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं टोपल्याखालून निघून पाण्याकडे जाताना. २००२ पासून तिथे अंडी राखण्याचं काम चाललंय. फेब्रुवारी ते एप्रिल जा, आणि पिल्लं निघतीलच असं धरून जाऊ नका. मी तीनदा गेलो, एकदा दिसली. जेवण मात्र तिन्ही वेळा उत्तम.

---

खगोलवेडा

धागा उशिरा बघितला. @पायरीचा_आंबा, बाबांनी "उधाणाची ओहोटी" म्हटलं, पण त्यांनी तिथे पाण्याची वेळ काढून बघितली का? जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात. तिथी गुणिले पाऊण, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अलास्कात ते चालणार नाही, म्हणून कुतूहल.

---

पायरीचा_आंबा

@खगोलवेडा, अहो, हेच लिहायचं राहिलं!

पहिल्या दिवशी बाबांनी मनात हिशोब केला. प्रतिपदा, एक गुणिले पाऊण, म्हणजे पाऊण वाजता भरती आणि पावणेसातला ओहोटी. प्रत्यक्षात पाणी पूर्ण ओसरलं ते पावणेदहाच्या सुमारास. बाबा अस्वस्थ. जेवणाच्या खोलीत भरती-ओहोटीचा छापील तक्ता लावलेला होता. त्याच्यासमोर चहाचा कप घेऊन अर्धा तास उभे. मग म्हणाले, "तीन तास मागे आहे. बाकी सगळं बरोबर."

दुसऱ्या सकाळी तक्त्याकडे न बघता त्यांनी गाइडला हाताने खूण करून सांगितलं, साडेदहा. तिने खिशातून पुस्तिका काढून बघितलं आणि भुवया वर केल्या. चार-पाच मिनिटांचा फरक. तिसऱ्या दिवशी सव्वाअकरा, तेही जवळपास बरोबर. त्यानंतर ती रोज सकाळी आधी बाबांना विचारायची आणि मग पुस्तिका उघडायची. धुक्यात अडकलो तेव्हा विमान केव्हा येऊ शकेल हा अंदाजही लॉजवाल्यांनी बाबांसमोर बसूनच केला. तोपर्यंत बाबांचं इंग्रजी "गुड मॉर्निंग" आणि "वॉटर गोइंग" एवढ्यावर आलं होतं.

तीन तास का, हे मात्र त्यांना सुटलेलं नाही. घरी आल्यावरही विचारतात.

---

खगोलवेडा

वा! मग हे त्यांना वाचून दाखवा.

तीन तासांतला दीड तास तरी पाण्याचा नाही, घड्याळाचा आहे. मुंबईत सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात साडेबारा-पावणेएक झालेले असतात. अलास्कात उन्हाळ्यात घड्याळ पुढे केलेलं असतं आणि मुळात त्यांचा प्रमाणवेळेचा पट्टाही पूर्वेकडे सरकवलेला आहे. त्यामुळे त्या किनाऱ्यावर सूर्य माथ्यावर येतो दुपारी दोन वाजून गेल्यावर. भरती चंद्रसूर्याचं ऐकते, सरकारी घड्याळाचं नाही.

उरलेला दीड तास त्या जागेचा. प्रत्येक किनाऱ्याचा उशीर वेगळा असतो. पाऊणपटीचा हिशोब आपल्या किनाऱ्यासाठी बसवलेला आहे. कुक इनलेट तर लांब आणि निमुळतं. भरतीची लाट तोंडाशी शिरल्यावर अँकरेजला पोहोचायला तिला चारेक तास लागतात. तुमचं लॉज वाटेत मधे कुठेतरी. आत पाणी चेपत जातं म्हणूनच अँकरेजला भरती-ओहोटीत नऊ मीटरहूनही जास्त फरक पडू शकतो. मुंबईत पाच मीटरची भरती आली की आपण बातमी करतो.

---

पायरीचा_आंबा

आत्ताच फोनवर वाचून दाखवलं. घड्याळाचा भाग त्यांना फार आवडला, दोनदा वाचायला लावला. आखाताच्या भागाला मात्र मधेच थांबवलं. म्हणाले, "हे मला माहीतच होतं, डोक्यात आलं नाही. दाभोळच्या तोंडाशी भरती लागते, तेव्हा आत चिपळूणच्या बाजूला अजून ओहोटीच चालू असते. त्या मास्तरांना सांग, आमच्याकडे होडी त्याच हिशोबाने सोडायचे."